दंडावरचा ग्लुकोज सेन्सर: कोणाला लावावा आणि त्याचे आकडे कसे वाचावेत

माणगंगा:

मधुमेही माणसाच्या घरात बोटाला टोचून साखर पाहण्याचे यंत्र आता जुने झाले आहे. गेल्या काही वर्षांत त्याच्या जोडीला दंडाच्या मागच्या बाजूस चिकटवायचा, नाण्याएवढा सेन्सर आला असून, ‘आईला लावून घेऊ का’, ‘यामुळे बोट टोचणे कायमचे बंद होईल का’ असे प्रश्न ओळखीच्या अनेक घरांतून कानावर येतात. माझ्या सासूबाईंचे वय सत्तरीच्या पुढे आहे, त्या इन्सुलिन घेतात आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने आम्ही त्यांना अधूनमधून हा सेन्सर लावतो. त्या निमित्ताने जे वाचले आणि पाहिले, ते सविस्तर मांडण्यासाठी हा धागा काढत आहे. माझे मत आधीच सांगते: ज्या आकड्यामुळे घरात काही बदलणार आहे, म्हणजे औषधाची मात्रा, जेवणाची वेळ किंवा रात्री झोपण्यापूर्वीचे खाणे, त्या आकड्यासाठीच या सेन्सरवर खर्च करावा. नुसते पाहत राहण्यासाठी केलेला खर्च वाया जातो आणि माणसाला विनाकारण धास्ती लागते ती वेगळीच.

प्रथम हे यंत्र काय मोजते ते पाहू, कारण पुढचे बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात. सेन्सरच्या तळाशी केसासारखा बारीक तंतू असतो आणि तो त्वचेखाली जेमतेम पाच मिलिमीटर जातो. त्यावर ग्लुकोज ऑक्सिडेज या विकराचा थर असतो. ग्लुकोजशी त्याची अभिक्रिया झाली की अत्यंत सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि त्यावरून साखरेचे प्रमाण काढले जाते. विकर आणि विद्युतअग्र (इलेक्ट्रोड) एकत्र आणण्याची ही कल्पना अमेरिकी संशोधक लीलँड क्लार्क यांनी १९६२ मध्ये मांडली. सलग मापन करणाऱ्या पहिल्या यंत्राला अमेरिकेत १९९९ मध्ये मान्यता मिळाली, मात्र त्याचा आकडा वरचेवर बोट टोचून आलेल्या आकड्याशी जुळवून घ्यावा लागे. कारखान्यातच जुळवून आलेला, १४ दिवस चालणारा फ्रीस्टाइल लिब्रे हा सेन्सर युरोपात २०१४ मध्ये आला आणि तेव्हापासून ही वस्तू सामान्य घरांत पोहोचू लागली.

हा तंतू रक्तवाहिनीत नसतो. पेशींच्या भोवती जो द्रव असतो, त्यातली साखर तो मोजतो. रक्तातली साखर आधी बदलते आणि त्या द्रवातली साखर साधारण पाच ते दहा मिनिटांनी, कधी त्याहून थोडी उशिरा, तिच्या मागोमाग बदलते. साखर स्थिर असताना या अंतराने काही बिघडत नाही. जेवणानंतर ती वेगाने चढत असेल किंवा भराभर चालल्यावर उतरत असेल, तेव्हा सेन्सरचा आकडा आणि बोटाचा आकडा यांत चांगलीच तफावत पडते. त्यावरून यंत्र खराब आहे असा निष्कर्ष काढू नये.

या अंतराचा खरा त्रास साखर उतरल्यावर होतो. साखर ७० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या खाली गेली की साधारण १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यातून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे, असा सर्वमान्य नियम आहे. घरातल्या चहाच्या चमच्याने ते तीन-चार चमचे होतात. पेढा किंवा चॉकलेट यांतल्या स्निग्ध पदार्थामुळे साखर रक्तात पोहोचायला वेळ लागतो, म्हणून अशा वेळी ते देऊ नयेत. साखर पाजल्यावर रक्तातले प्रमाण सावरते, पण सेन्सर अजून मागचाच आकडा दाखवत असतो. तो पाहून घरचे घाबरतात, आणखी साखर पाजतात आणि तासाभरात तोच आकडा अडीचशेच्या वर जातो. म्हणून साखर कमी झाल्याचा उपचार केल्यानंतरची तपासणी बोट टोचूनच करावी. अंगात लक्षणे एक सांगत असतील आणि सेन्सर दुसरेच सांगत असेल, तेव्हाही बोट टोचावे.

सेन्सर चुकीचा आकडा देण्याची आणखी काही कारणे आहेत. ज्या दंडावर सेन्सर आहे त्या कुशीवर झोपल्यास तिथल्या त्वचेवर दाब पडतो आणि साखर एकदम उतरल्याचे दिसते; माणूस कूस बदलतो आणि आकडा पूर्ववत होतो. पहिल्या दिवशीचे आकडे बाकीच्या दिवसांपेक्षा कमी भरवशाचे असतात. काही सेन्सरच्या बाबतीत ‘क’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्यांनी आकडा खोटा वाढतो, म्हणून पाकिटातली माहितीपत्रिका वाचून आपल्या गोळ्या डॉक्टरांना सांगाव्यात. चांगल्या सेन्सरची सरासरी चूक सुमारे दहा टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे खरी साखर २०० असताना १८० किंवा २२० दिसणे यात नवल नाही. १४२ आणि १४९ यांतला फरक मनावर घेण्यात अर्थ नाही.

मग काय पाहायचे? दिवसभराची रेघ पाहायची. ती कुठे चढते, किती वेळ वर राहते, रात्री कुठे बुडते आणि पहाटे आपोआप वाढते का, हे सगळे त्या रेघेत दिसते. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीनुसार बहुतेक प्रौढ मधुमेहींची साखर दिवसातला ७० टक्क्यांहून अधिक वेळ ७० ते १८० या पट्ट्यात असावी, म्हणजे जवळजवळ सतरा तास. ७० च्या खालचा वेळ चार टक्क्यांहून कमी, म्हणजे तासाभराच्या आत असावा. वृद्ध आणि इतर गंभीर आजार असलेल्यांसाठी हेच उद्दिष्ट मुद्दाम सैल ठेवले आहे: पट्ट्यात निम्मा दिवस असला तरी चालेल, पण ७० च्या खाली एक टक्क्याहून, म्हणजे दिवसातून पंधरा मिनिटांहून अधिक वेळ जाऊ नये. ही गोष्ट कळल्यापासून आमच्या घरात सासूबाईंच्या जेवणानंतरच्या दोनशेच्या आकड्यावरून होणारे वाद थांबले आणि सगळ्यांचे लक्ष त्यांच्या पहाटेच्या आकड्याकडे वळले. ते तसेच हवे होते. त्या वयात मध्यरात्री साखर उतरून पडणे आणि हाड मोडणे हा धोका जेवणानंतरच्या दोनशेपेक्षा कितीतरी मोठा आहे.

कातळशिल्प:

माणगंगाताई, फार उपयुक्त लेखन. माझे वडील फक्त मेटफॉर्मिन घेतात, तीन महिन्यांची सरासरी साखर ६.८ टक्के आहे, आणि तरीही एका दुकानदाराने त्यांना कायम सेन्सर वापरण्याचा आग्रह केला आहे. एका सेन्सरची किंमत चार-पाच हजारांच्या घरात आहे आणि तो १४ दिवसांत संपतो. निवृत्तिवेतनात हे बसणारे नाही. न लावल्याने त्यांचे नुकसान होईल का?

माणगंगा:

माझ्या समजुतीप्रमाणे नाही, पण इथे डॉक्टर मंडळी आहेत, त्यांनी सांगावे. मेटफॉर्मिन एकट्याने साखर सहसा धोकादायकरीत्या उतरवत नाही, त्यामुळे सेन्सरचा सर्वांत मोठा फायदा, म्हणजे साखर उतरण्याची आगाऊ सूचना, तुमच्या वडिलांना फारसा लागू होत नाही. जेवणापूर्वी आणि जेवणानंतर दोन तासांनी, आठवड्यातले काही ठरावीक दिवस बोट टोचून ते आकडे वहीत वेळेसह आणि खाल्लेल्या पदार्थासह लिहिले, तरी पुष्कळ समजते.

गोदाकाठ:

मी नाशिक जिल्ह्यात तालुक्याच्या गावी औषधवैद्यक शास्त्राचा डॉक्टर म्हणून काम करतो. वरच्या उत्तराशी सहमत आहे. त्यात थोडी भर घालतो.

सलग सेन्सरचा सर्वाधिक लाभ होतो तो दिवसातून अनेकदा इन्सुलिन घेणाऱ्यांना, पहिल्या प्रकारच्या (टाइप १) मधुमेहाच्या मुलांना, ज्यांना साखर उतरल्याची लक्षणेच जाणवत नाहीत अशांना आणि आपल्याकडे अनेकदा विसरला जाणारा वर्ग म्हणजे ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धांना. या गोळ्या स्वस्त आहेत, परिणामकारक आहेत आणि आपल्याकडे सर्रास दिल्या जातात; पण रुग्णाचे जेवण कमी झाले किंवा मूत्रपिंडाचे काम मंदावले की त्यांच्यामुळे साखर तासन्‌तास खाली राहू शकते. ‘आजोबा दुपारी चिडचिड करतात’ किंवा ‘आजी पहाटे घामाने भिजलेल्या असतात’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या घरांत एक पंधरवड्याचा सेन्सर लावून मी अनेकदा गोळीची मात्रा कमी केली आहे. अशा रुग्णाला कायम सेन्सरची गरज नसते. औषध बदलताना एकदा आणि बदलल्यानंतर एकदा, एवढ्याने काम भागते. दवाखान्यात लावायचा आणि रुग्णाला आकडे न दाखवता फक्त नोंदवून ठेवणारा प्रकारही मिळतो. फार घाबरणाऱ्या रुग्णासाठी मी तोच पसंत करतो.

आता सरासरीबद्दल. तीन महिन्यांच्या सरासरीची चाचणी, म्हणजे एचबीएवनसी, लाल पेशींना चिकटलेल्या साखरेवरून काढली जाते आणि या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. सात टक्के ही सरासरी दिवसभर दीडशेच्या आसपास राहणाऱ्या माणसाचीही येते आणि ६० ते ३०० असे हेलकावे खाणाऱ्याचीही येते. शिवाय लोहाच्या कमतरतेमुळे झालेल्या रक्तक्षयात हा आकडा खोटा वाढतो, तर लाल पेशी लवकर फुटण्याच्या आजारात किंवा रक्त चढवल्यानंतर खोटा उतरतो. आपल्याकडच्या स्त्रियांमध्ये रक्तक्षयाचे प्रमाण किती मोठे आहे हे वेगळे सांगायला नको. सरासरी आणि बोटाचे आकडे जुळत नसतील, तर तिथे एक सेन्सर लावून पाहणे निश्चितच योग्य ठरते.

उपवासाचाही उल्लेख करायला हवा. संकष्टीला किंवा एकादशीला सकाळची गोळी नेहमीप्रमाणे घेतली जाते, दुपारपर्यंत पोट रिकामे असते, मग साबुदाण्याची खिचडी, आणि संकष्टी असेल तर चंद्रोदयानंतर भरपेट जेवण. सेन्सरच्या रेघेत हा दिवस लगेच ओळखू येतो: दुपारी खड्डा, त्यानंतर साबुदाण्याचा उभा चढ, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. मी कोणालाही श्रद्धा सोडायला सांगत नाही. उपवासाच्या दिवशी कोणती गोळी वगळायची आणि कोणती घ्यायची हे आधी विचारून ठेवावे, एवढेच सांगतो, आणि ती रेघ समोर ठेवून बोलले की रुग्णाला ते लगेच पटते. डापाग्लिफ्लोझिन वर्गातल्या गोळ्या घेणाऱ्यांनी निर्जळी उपवास डॉक्टरांना न विचारता करूच नये. त्यात साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो आणि तो सेन्सरला दिसत नाही.

रात्रपाळी:

आमच्या मुलीला पहिल्या प्रकारचा मधुमेह आहे. ज्यांच्या घरी असे मूल आहे, त्यांच्यासाठी हा सेन्सर ऐच्छिक वस्तू राहत नाही, हे मनापासून सांगावेसे वाटते. तो येण्यापूर्वी आम्ही दोघे आलटूनपालटून रात्री उठून झोपलेल्या मुलीचे बोट टोचत असू. आता साखर ठरवलेल्या पातळीखाली जाऊ लागली की मोबाइलवर गजर होतो.

मात्र खरेदी करताना एक गोष्ट तपासावी. सगळ्या सेन्सरना गजर नसतो. आधीच्या पिढीच्या सेन्सरमध्ये वाचक यंत्र किंवा मोबाइल दंडाजवळ नेल्याशिवाय आकडाच दिसत नाही आणि सेन्सरच्या स्मृतीत फक्त आठ तासांची नोंद राहते; त्याहून अधिक वेळ वाचन केले नाही तर मधली रेघ कायमची हरवते. रात्रीच्या भीतीसाठी सेन्सर घेत असाल तर गजर असलेलाच घ्यावा, अन्यथा मूळ हेतूच फसतो. गजराची पातळीही विचारपूर्वक ठरवावी. आम्ही सुरुवातीला वरच्या आकड्यालाही गजर ठेवला होता, तो रात्रभर वाजत राही आणि घरात कोणाची झोप होत नसे. आता रात्री फक्त खालचा गजर चालू असतो आणि वरचा आकडा सकाळी पाहतो.

एक माहिती इथे द्यावीशी वाटते. मुलाचे आकडे दूर बसलेल्या पालकांना दिसण्याची सोय आज सहज मिळते, पण ती पहिल्यांदा पालकांनीच उभी केली. २०१३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या जॉन कॉस्टिक या वडिलांनी आपल्या लहान मुलाच्या सेन्सरचे आकडे इंटरनेटवर आणण्याची युक्ती शोधली, इतर पालक आणि संगणक अभियंते त्यांना येऊन मिळाले, आणि त्यातून नाइटस्काउट हा सर्वांना खुला असलेला प्रकल्प उभा राहिला. ‘आम्ही वाट पाहत बसणार नाही’ हे त्यांचे घोषवाक्य होते. त्या लोकांविषयी मला अतिशय कृतज्ञता वाटते.

धुक्यातला_प्रवासी:

मी इंग्लंडमध्ये राहतो. इथे २०२२ पासून राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या सर्व प्रौढांना सलग मापनाचा सेन्सर देऊ करावा असे ठरले आहे आणि तो सरकारी आरोग्यसेवेतून मिळतो. भारतात हा खर्च बहुतांश घरांना स्वतःच सोसावा लागतो, याची मला खंत वाटते. निदान मुलांसाठी तरी सरकारी योजनेत याचा विचार व्हावा.

परदेशातून आई-वडिलांचे आकडे पाहणाऱ्यांसाठी दोन सूचना. पहिली, इथली यंत्रे मिलिमोलमध्ये आकडा दाखवतात. त्याला १८ ने गुणले की भारतातला आकडा मिळतो, ३.९ म्हणजे ७० आणि १० म्हणजे १८०. मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये एकक कोणते आहे हे पाहिल्याशिवाय फोनवरून सल्ला देऊ नये. दुसरी, ठाण्यात आईची साखर उतरली आणि ती मला इथे दिसली, तर मी प्रत्यक्षात काय करू शकतो हे आधी ठरवून ठेवावे लागते. आमच्याकडे शेजारच्या काकूंकडे घराची किल्ली आहे, ग्लुकोज पावडरचा डबा कुठे आहे ते त्यांना माहीत आहे आणि आईने फोन उचलला नाही तर मी त्यांना फोन करतो. ही व्यवस्था नसेल तर दूरवरून दिसणारा आकडा फक्त आपली झोप उडवतो. आणि आईची संमती हवी. आपण काय खाल्ले याची चौकशी मुलगा रोज विलायतेतून करतो, हे सगळ्यांनाच रुचत नाही आणि ते रास्त आहे.

घाटमाथा:

मला मधुमेह नाही. मी धावतो, व्यायामशाळेत जातो आणि तिथले अनेक जण हा सेन्सर लावून कोणत्या पदार्थाने साखर किती वाढते ते पाहत आहेत. अमेरिकेत तर २०२४ पासून इन्सुलिन न घेणाऱ्या प्रौढांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवायही सेन्सर मिळू लागला आहे. मग निरोगी माणसाने आधीच सावध होण्यात काय चूक आहे?

गोदाकाठ:

सावध होण्यात काहीच चूक नाही, पण साधन वेगळे हवे. निरोगी माणसाची साखरही जेवणानंतर काही काळ १४० च्या वर जाऊन परत येते. शरीराचे ते नेहमीचे काम आहे. तो चढ पाहून माणसे केळे सोडतात, भात सोडतात, मग डाळीही सोडतात आणि त्या जागी तुपा-तेलाचे पदार्थ वाढवतात, कारण त्यांनी रेघ सपाट दिसते. रेघ सपाट झाली म्हणून आहार चांगला झाला असे होत नाही. मधुमेह नसलेल्यांनी सेन्सर लावल्याने पुढचा आजार टळतो याचा भक्कम पुरावा आज आपल्या हाती नाही.

तुमच्या घरात मधुमेह असेल, कंबरेचा घेर वाढला असेल, तर उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी तपासून घ्या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उंबरठ्यावरच्या माणसाने डॉक्टरांशी बोलून एकदा पंधरवडाभर सेन्सर लावला, आणि जेवणानंतर पंधरा मिनिटे चालल्याने चढ कसा बसतो किंवा आधी कोशिंबीर-उसळ आणि मग भात खाल्ल्याने काय फरक पडतो हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, तर त्याला माझी हरकत नाही. ते एकदा समजले की पुढे चालणे चालू ठेवायचे, सेन्सर नाही.

पाणवठा:

ऑनलाइन दुकानांत त्वचेला न टोचता साखर सांगणारी मनगटी घड्याळे आणि अंगठ्या फार कमी किमतीत दिसतात. ती घ्यावीत का?

माणगंगा:

कृपया घेऊ नका. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये याबद्दल उघड इशारा दिला होता की, त्वचा न भेदता स्वतः साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. दंडावरच्या सेन्सरचा आकडा घड्याळावर दिसणे ही निराळी गोष्ट आहे. तिथे मोजणारा तंतू त्वचेखालीच असतो. खोट्या आकड्यावरून कोणी इन्सुलिनची मात्रा ठरवली तर जिवावर बेतेल, म्हणून हे इतक्या कळकळीने लिहीत आहे.

आडवाट:

माझ्या आईच्या दंडावर सेन्सरखाली लाल, खाजरे पुरळ उठले आणि सेन्सर आठवड्याच्या आतच काढावा लागला. कोकणातल्या उकाड्यात तो चिकटूनही राहत नाही. यावर काही उपाय?

रात्रपाळी:

घामाने उठणारी खाज आणि गोंदाची अ‍ॅलर्जी या वेगळ्या गोष्टी आहेत. २०१७ मध्ये बेल्जियममधल्या त्वचारोगतज्ज्ञांनी एका सेन्सरच्या गोंदातला आयसोबॉर्निल अ‍ॅक्रिलेट हा घटक अशा पुरळाचे कारण असल्याचे दाखवून दिले होते. सेन्सरच्या नेमक्या आकाराचे पुरळ उठत असेल आणि दर वेळी आधीपेक्षा लवकर उठत असेल, तर अ‍ॅलर्जीची शक्यता जास्त. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून दुसऱ्या बनावटीचा सेन्सर वापरावा लागतो. नुसता घाम असेल तर लावण्याच्या दिवशी दंडाला खोबरेल तेल किंवा मलम लावू नये, साध्या साबणाने धुऊन जागा पूर्ण कोरडी करावी, मग स्पिरिटने पुसून ते वाळू द्यावे आणि दर वेळी दंड बदलावा.

कातळशिल्प:

सर्वांचे आभार. वडिलांना कायमचा सेन्सर घेणार नाही. पुढच्या भेटीत गोळ्या बदलण्याची चर्चा आहे, तेव्हा एकदा लावायचे ठरले तर डॉक्टरांकडे नेमके काय घेऊन जावे?

गोदाकाठ:

अ‍ॅपमधून सगळ्या दिवसांचा एकत्रित एका पानाचा अहवाल निघतो, तो छापून न्या. त्यात मधली रेघ म्हणजे नेहमीची साखर आणि तिच्या भोवतीचा रंगीत पट्टा म्हणजे दिवसागणिक होणारा फरक. पट्टा जिथे रुंद आहे, ती वेळ आधी तपासली जाते. सोबत जेवणाच्या, गोळीच्या आणि झोपेच्या वेळा लिहिलेली वही हवीच. तिच्याशिवाय त्या पानाचा अर्थ लावताना अंदाज बांधावे लागतात. एमआरआय किंवा सीटी स्कॅन ठरला असेल तर सेन्सर लावल्याचे तिथे आधी सांगा, तो काढावा लागू शकतो, म्हणून तपासणीची तारीख पाहूनच नवा सेन्सर उघडा.